वाटणीचा बांध

"गुणाकाकी, टोपली खाली ठेवा. काय आहे तिच्यात?"

"भात हाय गो. तुझ्या काकाची न्याहारी."

"काका तर कालच पनवेलला गेलेत. मग न्याहारी कोण खाणार, खेकडे?"

बांधावर काम करणाऱ्या चार बाया फिदीफिदी हसल्या. मी टोपलीवरचं फडकं उचललं. लिंबाएवढे भाताचे गोळे, आणि त्यांना औषधाचा तो उग्र वास. सगळ्यांच्या देखत मी टोपली चिखलात उपडी केली, वर माती लोटली आणि म्हणाले, "लाज कशी वाटत नाही तुम्हाला? मीटिंगमध्ये हात वर करून हो म्हणालात ना?"

गुणाकाकी माझ्या आईच्या वयाची. तिनं टोपली उचलून झटकली. रिकामी टोपली डोक्यावर ठेवली आणि घरी गेली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. तेव्हा मला तेविसावं चालू होतं, तालुक्याच्या कॉलेजातून बी.ए. होऊन आले होते, आणि सगळ्या गावाचा शहाणपणा आपल्याच डोक्यात साठवलाय अशी माझी ठाम समजूत होती.

आमचं वेळूखार खाडीच्या तोंडाशी, मातीच्या बांधाआड आहे. बांध फुटला की भरतीचं खारं पाणी शेतात, आणि एकदा ते शिरलं की तीन वर्षं भाताचं नाव घ्यायचं नाही. म्हणून अख्खा बांध घराघरांना वाटून दिलेला. आपल्या वाटणीचा तुकडा आपण राखायचा, दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावायचा नाही. बांधाचा वैरी म्हणजे खेकडा. तो बिळं पाडून बांध आतून पोखरतो. त्याला मारायचा सोपा उपाय म्हणजे औषध कालवलेला भात. हात कोपरापर्यंत बिळात घालायचा, गोळा आत सारायचा आणि वर चिखलाचा बोळा ठोकून तोंड बंद करायचं.

पण त्याला दोन वर्षांपूर्वी मी बंदी आणली होती. मी म्हणजे आमच्या पक्षी समितीनं. पण समिती म्हणजे मीच. कारण होतं टिळेवाले.

टिळेवाले म्हणजे रानटी हंस. अंगानं करडे, कपाळावर पांढरा टिळा, डोळ्याभोवती पिवळं कडं. दिवाळीनंतर कुठून तरी उत्तरेकडून यायचे, खाडीकाठचं खारं गवत खायचे आणि होळीला निघून जायचे. आम्हाला त्यांचं काय कौतुक! पण पुण्याच्या साठ्ये मॅडम आल्या, दुर्बीण लावली आणि मटकन बांधावरच बसल्या. म्हणाल्या, "कुंदा, हे हंस जगातच थोडे उरलेत. आणि इथं अकरा आहेत, अगं!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पाखरासाठी रडणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं. मग मीटिंग झाली, नियम झाला. टिळेवाले असेपर्यंत बांधावर औषध नाही. बिळं हातानं उकरायची, खेकडे पकडायचे, चिखल ठोकायचा. काम तिप्पट वाढलं. लोक कुरकुरले, पण तयार झाले.

पाखरांना राखणदार म्हणून मॅडमनी धर्मा हिलमला नेमलं. धर्मा कातकरी, बांधापलीकडच्या वाडीतला. पन्नाशीचा असेल. आधी हाच माणूस फासे लावून पाणकोंबड्या धरायचा आणि बाजारात विकायचा. मॅडमनी विचारलं तसे त्यानं सगळे फासे आणून त्यांच्या पुढ्यात टाकले आणि म्हणाला, "आथा राखायचा म्हंजे राखायचाच." मॅडमनी त्याला खाकी शर्ट शिवून दिला. तो शर्ट घालून धर्मा पहाटेपासून बांधावर. कोणतं पाखरू लंगडतंय, कोणतं दुसऱ्याला चोच मारतंय, सगळं त्याला ठाऊक. संध्याकाळी आमच्या दारात यायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहायचा आणि सांगायचा, "ताय, अकरा." मी आतूनच म्हणायची, "बरं, जा." वयानं तो माझ्या बापाएवढा, पण मी त्याला अरे-तुरे करायची. गावात सगळेच करायचे. यात काही वावगं आहे असं माझ्या बी.ए. झालेल्या डोक्यात कधी आलं नाही.

गुणाकाकीची टोपली मी उपडी केली, त्याला आठ-दहा दिवस झाले असतील. पौषातली अमावस्या उद्यावर आली होती. अमावस्येचं उधाण मोठं. त्यात बाबा तापानं फणफणून पडलेले. त्या दुपारच्या भरतीत मी आमच्या तुकड्यावर गेले आणि बघते तर काय, बांधाच्या शेताकडच्या अंगानं पाणी पाझरतंय. खेकड्यांनी चाळण केली होती नुसती. उद्याच्या उधाणात बांध फुटून इथंच खांड पडणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

हातानं उकरायचं तर दोन माणसांना दोन दिवस हवेत. गावात हाक मारली असती तर चार माणसं आलीही असती, नाही असं नाही. पण हाक मारायची कुणाला? आठ दिवसांपूर्वी ज्यांच्यासमोर एवढं तोंड सोडलं त्यांना? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साठ्ये मॅडम तालुक्याच्या वनखात्याच्या साहेबांना घेऊन पाखरं दाखवायला येणार होत्या. मला भाषण पाठ करायचं होतं. साडी इस्त्री करायची होती. हसू नका, तेव्हा मला हे सगळं फार महत्त्वाचं वाटत होतं.

घरी आले. माळ्यावर गेल्या सालची औषधाची पुडी होती. भात शिजवला, कालवला, गोळे केले. मनाला समजावलं, एकदाच करतेय, आणि मी काय गावासारखी निष्काळजी आहे का, नीट आत सारून बिळं बुजवीन. पहिली वीसेक बिळं मी अगदी शास्त्रानुसार बुजवली. पुढं कंबर दुखायला लागली, दिवस कलायला लागला. मग मी गोळे बिळांच्या तोंडाशीच ठेवत गेले आणि टाचेनं दाबत गेले. शेवटी शेवटी दाबलेही नाहीत. पाखरं खाडीच्या अंगाला चरतात, शेताकडे कशाला येतील, असं म्हणून घरी आले आणि आरशासमोर भाषण म्हणून बघितलं.

सकाळी मॅडम यायच्या आत बांध बघून येऊ म्हणून निघाले. ओहोटी होती. आमच्या तुकड्यावर लांबून खाकी शर्ट दिसला. धर्मा मांडी घालून बसला होता. जवळ गेले तर त्याच्या मांडीवर टिळेवाला. मान एका बाजूला लोंबत होती. शेजारी नारळाची करवंटी, तिच्यात थोडं पाणी.

"रातच्या भरतीला वर चढले आसतील," धर्मा म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "मी आलो तवा ह्यो गरागरा फिरत व्हता. पानी पाजला. दोनदा प्याला. मंग ऱ्हायला नाय."

"बाकीचे?"

"दहा हायेत. हाकलले तिकडं, लांब." त्यानं बाजूची झोळी उचलून उघडी केली. आत माझे गोळे होते. चिखलानं माखलेले, पण माझेच. "समदे येचले. बिलांच्या तोंडाशीच व्हते, ताय. आत नाय सारले."

पुढं मी जे बोलले ते मला आजही माझ्याच आवाजात ऐकू येतं. पाखराबद्दल मी काही बोलले नाही. धर्माबद्दलही नाही. मी विचारलं, "कुणी बघितलं?"

धर्मानं पहिल्यांदा वर बघितलं. "कोन नाय."

"मग हे पुरून टाक. इथं नको. तिकडं, तिवरांच्या झाडीत. जा लवकर, मॅडम येतील."

"आन् ह्यो?"

"त्यालाही ने."

तो उठला. पाखरू काखेत धरलं, झोळी खांद्याला लावली. गुडघे धरून उठावं लागलं त्याला, तेवढा वेळ तो बसला असणार. आणि दहा पावलं गेला नसेल, तोच बांधाच्या वळणावर माणसं दिसली. पुढं साहेब, मागं साठ्ये मॅडम, वाट दाखवायला गुणाकाकी, आणि मागं गावातले आठ-दहा जण. ते अर्धा तास लवकर आले होते.

मॅडमनी धर्माच्या काखेतलं पाखरू बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "धर्मा! काय झालं रे?"

"मेला, बाय."

"कशानं?"

धर्मानं पाखरू काखेत सावरलं. साहेबांची नजर झोळीवर गेली. "दाखव काय आहे." त्यांनी झोळी उलटी केली. गोळे बांधावर गडगडले. एक साहेबांनी उचलला, वास घेतला आणि लांब फेकला.

"विष घालून मारतोस काय? राखणदार म्हणून पगार घेतोस आणि?" साहेब गरजले. "कुठून आणलंस हे?"

"बांधाव व्हता."

"कुठल्या बांधावर?"

सगळे आमच्याच तुकड्यावर उभे होते. धर्मानं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लहान मुलाला शिकवलेलं पाठ येत असेल आणि आपण वाट बघावी ना, तसं. त्यानं मला भरपूर वेळ दिला. एवढंसं वाक्य होतं. 'साहेब, ते मी टाकले.' पाच वर्षांच्या पोरालाही म्हणता आलं असतं.

"हा बांध कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"आमचा," मी म्हणाले.

"तुम्ही औषध टाकलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत गुणाकाकी पुढं झाली. "कुंदा? ही औषध टाकंल? साहेब, हिनं माजी टोपली आख्ख्या गावासमोर उपडी केली, येवढ्याशा भातासाठी! ही पोर मरंल, पन बांधाव औषध टाकायची नाय."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी ज्यांना घालूनपाडून बोलले होते त्या बायांनीही. मला वाटलं होतं, त्या माझ्यावर टपून बसल्या असतील. त्या माझ्या बाजूनं साक्ष देत होत्या, आणि खरं मानून देत होत्या.

"नाही टाकलं," मी म्हणाले. "आमच्या बांधावर आम्ही औषध टाकलेलं नाही."

धर्मानं नजर खाली केली. त्यानंतर त्यानं माझं नाव घेतलं नाही. साहेबांनी दोनदा विचारलं, एकदा कॉलर धरून विचारलं, तरी तो 'बांधाव व्हता' यापुढं गेला नाही. त्या वेळी मला वाटलं, हा मला वाचवतोय. केवढा मोठ्या मनाचा, असं म्हणून मी मनातल्या मनात त्याचे आभारसुद्धा मानले. पुढं कधीतरी कळलं, की हे सोयीचं कौतुक होतं. त्या बांधावर कातकऱ्याचा शब्द आणि माझा शब्द यांत कुठला चालणार, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं.

पंचनामा शाळेच्या ओट्यावर झाला. साहेबांबरोबरच्या कारकुनाचं अक्षर वाईट. गुणाकाकीच म्हणाली, "आमची कुंदा लिवंल, तिचा अक्षर मोत्यासारखा." गावातले सगळे अर्ज मीच लिहायची, त्यामुळं कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेले. 'सदर इसमाच्या ताब्यात विषारी भाताचे एकतीस गोळे मिळून आले. बांधमालकाने औषध टाकलेले नसल्याचे समक्ष सांगितले.' हात कापत होता का, असं तुम्ही विचाराल. नव्हता. अक्षर छान आलं होतं.

"वाचून दाखव त्याला," साहेब म्हणाले.

मी वाचलं. धर्मा ओट्याच्या पायरीखाली उकिडवा बसून ऐकत होता. वाचून झाल्यावर म्हणाला, "यवढाच?"

"एवढंच."

"मी पानी पाजला, ता लिवलास?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "ते काही लागत नाही."

"लिव ना, ताय." पहिल्यांदाच त्याचा आवाज हलला. "दोनदा पाजला. मी त्याला टाकून नाय गेलो. उजाडल्यापास्नं मांडीव घेऊन बसलो व्हतो. येवढा लिव. बाकीचा तुमी काय लिवाल ता लिवा."

कागदावर खाली चार बोटं जागा होती. पेन माझ्या हातात होतं. साहेब अडवतही नव्हते, ते मॅडमशी बोलायला वळले होते. लिहिलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं. पण ते लिहिलं, तर कुणीतरी विचारलं असतं की स्वतःच विष घातलेल्या पाखराला हा पाणी कशाला पाजेल. म्हणून मी शाईचा पॅड पुढं केला. धर्मानं माझ्याकडे बघितलं, अंगठा बुडवला आणि कागदावर टेकवला. मग बोट पुसायला काही नव्हतं, म्हणून त्यानं ते मातीत घासलं. खाकी शर्टाला लावलं नाही.

साठ्ये मॅडम निघताना मला जवळ घेऊन रडल्या. म्हणाल्या, "कुंदा, तू होतीस म्हणून निदान हे उघडकीला तरी आलं." सव्वीस जानेवारीला तालुक्याला माझा सत्कार झाला. पाठ केलेलं भाषण तिथं केलं.

धर्मा बारा दिवस आत होता. जामिनावर सुटला तेव्हा राखणदारी गेलेली. वाडीतल्या लोकांबरोबर वीटभट्टीवर जायला लागला, बायकोपोरांसकट. केस पाच वर्षं रखडली आणि मग कुणी लक्ष न दिल्यामुळं मेली. पण गावात 'हंसमाऱ्या' हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच.

गावाचं म्हणाल, तर पंचनाम्यानंतर तिसऱ्या दिवशी गुणाकाकी आमच्या तुकड्यावरून येत होती. बांध उधाणात टिकला होता, पण बुजवलेल्या बिळांतून मेलेले खेकडे वर आले होते, लाल पोट वर करून. ती माझ्यासमोर थांबली. खेकड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता शिव्या घालील, आणि खरं सांगते, घालाव्यात असं वाटत होतं. ती फक्त म्हणाली, "बाय गो!" आणि पुढं गेली. तिनं ते कुणाला सांगितलं, किती जणांना सांगितलं, मला माहीत नाही. पण पुढच्या दिवाळीनंतर सगळ्यांनी आपापल्या तुकड्यावर बिनधास्त औषध टाकलं, आणि मी जवळून गेले तर टोपली कुणी लपवली नाही. कोणत्या तोंडानं अडवणार होते मी? त्या वर्षी चार टिळेवाले आले. त्यानंतर एकही नाही.

धर्मा पावसाळ्यात वाडीवर असायचा. वाटेत भेटायचा. मला बघितलं की बाजूला होऊन वाट द्यायचा आणि म्हणायचा, "बरी हायस ना, ताय?" त्यात टोमणा नव्हता, तेच तर सोसायचं नाही. दर वेळी मी ठरवायची, आज बोलायचं. दर वेळी म्हणायची, "बरी आहे." वीस वर्षं मी एवढंच बोलले. एकदा त्याला 'धर्मादादा' म्हणावं असं फार वाटलं, तरी 'बरी आहे' म्हणून पुढं निघाले.

तो गेल्या श्रावणात वारला. वाडीवर गेले तेव्हा त्याची बायको चुलीपुढं बसली होती. तिला सगळं सांगायचं म्हणूनच गेले होते. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मना ठाव हाय. त्यानं तवाच सांगितला व्हता." थोडा वेळ लाकडं सारत राहिली. "पन त्याला त्याचा काय नवता गो. पान्याचा लिवला नाय, ता लय लागला त्याला. दारू प्याला का ताच बोलायचा. मी पाजला व्हता, बोलायचा, लिवला नाय."

तो कागद कुठल्या कपाटात कुजला असेल देव जाणे. त्यात आता काही भरता येत नाही, आणि भरून धर्माला वाचूनही दाखवता येत नाही. तरी त्या चार बोटं जागेत जे लिहायला हवं होतं ते आज लिहिते.

धर्मा बारकू हिलम, राहणार वेळूखार कातकरवाडी, हा उजाडल्यापासून पाखरू मांडीवर घेऊन बसला होता. त्याने त्याला करवंटीने पाणी पाजले. पाखरू दोनदा प्यायले. बाकीचे दहा हंस त्याने वाचवले. बांध माझ्या वाटणीचा होता, आणि भात मी शिजवला होता.